तीनशे ऐंशी, पंचेचाळीस, नऊ आणि दहा

आमच्या श्रीपती आबांचा आवाज काढायचा असेल तर आधी गालात सुपारी आहे असं समजायचं, पण ती चावायची नाही. मग नाकातून अर्धा श्वास सोडायचा आणि म्हणायचं, "रुपया हिकडचा तिकडं न्हाई!" त्यातला शेवटचा 'न्हाई' विहिरीत बादली सोडावी तसा खाली सोडायचा. झाले आबा.

आबा म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. भाजे गावात आमची घरं एका ओळीत आहेत, मधली भिंत एकच, त्यामुळे त्यांचं खोकणंसुद्धा मला पाठ आहे. कार्ला फाट्यावरच्या तीनमावळ नागरी सहकारी बँकेत ते रोखपाल होते. एकतीस वर्षांपूर्वी लागले ते शिपाई म्हणून. तेव्हा शाखा पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत होती. ठेवीदारांच्या पासबुकांवर पीठ आणि गिरणीवाल्याच्या डब्यांवर शाई, असा एकूण कारभार. दहावीला इंग्रजीनं त्यांना दोनदा आडवं केलं, तिसऱ्यांदा छत्तीस मार्क देऊन सोडलं. ती मार्कशीट त्यांनी अजून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवली आहे. मग क्लार्क झाले, मग रोखपालाच्या खिडकीत बसले आणि एकोणीस वर्षं तिथून हलले नाहीत.

एकोणीस वर्षांत संध्याकाळी कॅश जुळली नाही असं एकदाही झालं नाही. मशीन आल्यावरसुद्धा आबा आधी मशीनला मोजू द्यायचे, मग स्वतः मोजायचे. "मशीनला घाई आसती," म्हणायचे. घरीही तेच. लग्नात किती पान उठलं हे आचाऱ्याच्या आधी आबा सांगणार. ताटातल्या भाकऱ्या मोजून बायकोला म्हणणार, "पाच सांगितल्या, साडेचार हायत." अर्धी त्यांनीच खाल्लेली असते.

आणि त्यांचा एक नियम फार कडक. पैसे भरायच्या स्लिपच्या मागे कोणती नोट किती हे लिहायचं असतं ना, तिथं कुणी आळस केला की स्लिप खिडकीतून परत. "पाशेच्या किती? दोनशेच्या किती? आंदाजे लिवू नका भाऊ, हितं आंदाजाचं खातं न्हाई." या नियमानंच आबांचा घात केला. तो कसा, तेच सांगते.

मी तिथं नव्हते. पण तिघांच्या तोंडून ऐकलंय: आबा, शाखाधिकारी सविता मॅडम आणि झुंबरबाई. तिघांचं जुळलं ते तसंच ठेवलंय. जुळलं नाही तिथं ज्याचं ऐकून मला जास्त हसू आलं, ते घेतलंय.

बँकेची 'पर्यटन कर्ज' नावाची योजना होती. पावसाळ्यात शनिवार-रविवार भाज्याच्या धबधब्यावर आणि कुरवंड्याच्या कड्यावर माणसांची जत्रा भरते. त्यांना भजी, कणीस, खोली, तंबू, पार्किंग पुरवणाऱ्याला दोन लाख रुपये. व्याज महिन्याच्या महिन्याला, आणि मुद्दल एकतीस मार्चच्या आत एकरकमी. फेडलं की लगेच पुन्हा दोन लाख नव्यानं. याला आमच्याकडे नवं-जुनं करणं म्हणतात. कागदावर झकास दिसतं. फक्त पैसा येतो जुलै ते सप्टेंबर आणि फेडायचा मार्चमध्ये, जेव्हा डोंगर वाळून खडंग आणि पर्यटक आपापल्या एसीत.

करोनाच्या वर्षी पाऊस धो-धो आला आणि माणूस एक नाही. मार्च उजाडला. कुरवंड्याचा नथू, तंबूवाला, खिडकीशी उभा राहिला. नथूचा आवाज म्हणजे घाटात चढणारी एसटी, वाक्य संपेपर्यंत आपल्यालाच दम लागतो.

"आबा, दोन लाख कुटनं आणू? तंबू इकून भरतो. पन मंग तंबूचं कर्ज फिटलं आन् तंबूच न्हाई! पुडं काय, लोकांना मोकळ्या रानात झोपवू?"

आबांना वाईट वाटलं. शिवाय भिंतीवर पितळी ढाल होती, 'शून्य थकबाकी शाखा', मुख्य कार्यालयाकडून दर वर्षी मिळणारी. नथू अडकला की ढाल गेली. आबांनी डोकं खाजवलं आणि त्यांना झुंबरबाई आठवल्या.

झुंबरबाई भाजे लेण्यांच्या पायऱ्यांशी कणसं भाजतात. वय सत्तरच्या पुढे, आवाज फुटक्या शिट्टीसारखा, पण कुणाची टाप नाही मध्ये बोलायची. त्यांनी उभ्या आयुष्यात बँकेत खातं काढलं नव्हतं. कारण विचारलं की म्हणायच्या, "बँकेत पैसं ठिवलं की ते मला न इचारता दुसऱ्याला देत्यात." आता बँक करते ते हेच, त्यामुळे आबांना कधी उलट बोलता आलं नाही. त्यांची सगळी पुंजी दुधाच्या पावडरीच्या डब्यात, डबा तांदळाच्या कणगीत. पाचशेच्या तीनशे ऐंशी नोटा, दोनशेच्या पंचेचाळीस, शंभरच्या नऊ आणि दहाची नाणी दहा. बरोब्बर दोन लाख. दोन लाखांच्या वर गेलं की त्या नातवंडांना वाटून टाकायच्या.

"एक दिवस दे, मावशी," आबा म्हणाले.

"सकाळी नेलेलं दिवस बुडायच्या आत पायजे. आन् हेच पायजे. दुसऱ्या नोटा न्हाई चालायच्या. माज्या नोटांना माज्या भट्टीचा वास हाय."

तर त्या एकतीस मार्चला नथूनं झुंबरबाईंचे दोन लाख भरले, जुनं कर्ज मिटलं, नवं मंजूर झालं, दोन लाख पुन्हा त्याच्या हातात आले. डबा परत जायचा तर बाकावर सरूबाई बसलेल्या, भज्यांच्या गाडीवाल्या. त्यांनी सगळं बघितलं. म्हणाल्या, "नथू, आता रिकामंच हाय ना ते बंडल? जरा हिकडं दे." सरूबाईंच्या मागे तिसरा, तिसऱ्याच्या मागे चौथा. दुपारपर्यंत चौदा. एक बंडल चौदा वेळा खिडकीतून आत गेलं आणि चौदा वेळा बाहेर आलं, आणि आबांनी ते प्रत्येक वेळी मोजलं. जाताना आणि येताना. प्रत्येक स्लिपच्या मागे, त्यांच्या नियमाप्रमाणे, अचूक लिहून घेतलं: तीनशे ऐंशी, पंचेचाळीस, नऊ, दहा.

पुढच्या वर्षी चौघे-पाचजण ठेवणीतले कपडे घालून आले. तिसऱ्या वर्षी वडापाव आले. आबा खिडकीतून हाका मारायचे, "नथू, भर! सई कर! घे! सरक! पुडचा!" पाच वर्षं हा सोहळा झाला. कुणी एक पै खाल्ली नाही. आबांचं म्हणणं असं, "चोरी झाली की रुपया कमी व्हतो. हितं कमीबी न्हाई, जास्तबी न्हाई. मंग चोरी कुटंय?"

यंदाच्या नाही, गेल्या मार्चमध्ये, म्हणजे पाचव्या वर्षी, नव्यानं बदलून आलेल्या सविता मॅडमनी हे पहिल्यांदा पाहिलं. त्या इंदुरीच्या, स्कूटीवरून येतात, प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'बरोबर?' लावतात आणि उत्तराची वाट बघत नाहीत. "आबा, हे मला पटत नाही, बरोबर? एकच बंडल फिरतंय, बरोबर?"

"रुपया कमी आला का, मॅडम?"

"तसं नाही…"

तेवढ्यात चेअरमन माऊलीशेठ यांचा फोन आला आणि मॅडमनी सह्या केल्या. माऊलीशेठ फोनवर असे बोलतात की फोन नसता तरी चाललं असतं.

आबा एकतीस मेला निवृत्त होणार होते. ग्रॅच्युइटीतून घराचे पत्रे काढून स्लॅब टाकायचा, असं ठरलेलं. प्रज्ञेशकाका, आबांचा मुलगा, त्यानं विटा आणून दारात रचूनसुद्धा ठेवल्या होत्या. आबांनी त्या मोजल्या, बावीस कमी निघाल्या, ट्रकवाला परत आला.

आणि एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेची तपासणी आली.

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचा दुसरा दिवस. आबांच्या कानामागे निळा गुलाल तसाच होता. तपासणीला आलेल्या अनघा मॅडम, वय तिशीच्या आसपास, इतक्या हळू आणि गोड बोलायच्या की समोरचा आपोआप खिसे चाचपून बघायचा. त्यांचं पेटंट वाक्य, "एक छोटीशी शंका." तीन दिवसांत त्यांना एकोणतीस छोट्याशा शंका आल्या, आबांनी मोजल्यात.

पहिल्या दिवशी त्यांनी तिजोरी मोजली. जुळली. "उत्तम," म्हणाल्या. आबा तरंगत घरी आले. आग विझवायच्या नळकांड्याची मुदत संपली होती, त्यावर छोटीशी शंका निघाली, तेव्हा आबा म्हणाले होते, "पन आग कुटं लागलीय मॅडम?" तेही त्यांनी हसून लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एकतीस मार्चच्या स्लिपा मागितल्या.

"आबा, एक छोटीशी शंका. नथू यांनी दोन लाख भरले. पाचशेच्या तीनशे ऐंशी, दोनशेच्या पंचेचाळीस, शंभरच्या नऊ, दहाची नाणी दहा."

"व्हय मॅडम. मी सोता मोजलंय."

"पंचवीस मिनिटांनी सरूबाई. तीनशे ऐंशी, पंचेचाळीस, नऊ, दहा."

"व्हय."

"मग सत्यम. तीनशे ऐंशी…"

"पंचेचाळीस, नऊ, धा," आबांच्या तोंडून निघून गेलं.

अनघा मॅडमनी चष्मा काढला. "हा कुणाचा फोन नंबर आहे का, आबा?"

सविता मॅडम म्हणतात, त्या क्षणी पंख्याचा आवाज एकदम मोठा झाला. आबा म्हणतात, पंखा बंद होता.

अनघा मॅडम रागावल्या नाहीत. आधीच्या चार वर्षांच्या स्लिपा उद्या सकाळी बघायच्या आहेत आणि सोबत रोखपालाचा लेखी खुलासा, एवढं सांगून त्या जेवायला गेल्या. त्या वळल्या नाहीत तोच माऊलीशेठचा फोन वाजला. बातमी कशी पोचली कोण जाणे.

"आबाऽऽ! घाबरायचं न्हाई! यंदाचं काय, एकदा झाली चूक म्हणायची. मागच्या चार वर्षांचं तिनं काय बघितलंय? चार चवदं छप्पन. छप्पन कोऱ्या स्लिपा घ्या, बसा आणि लिवा. कुनाच्या पाशेच्या चारशे, कुनाच्या दोनशेच्या हजार. सांजंला पोरं पाठवून सगळ्यांच्या सह्या आणतो. हाय काय आन् न्हाई काय!"

"पन शेठ, जुन्या स्लिपा?"

"भिजल्या!"

"एप्रिलात?"

"लोणावळ्याकडं कवाबी पडतो!" मग आवाज थोडा खाली, म्हणजे फाट्यापर्यंतच ऐकू येईल एवढा. "आबा, एकतीस मेला रिटायर व्हताय न्हवं? ग्रॅच्युइटीच्या कागदावर सई कुनाची आसती? विटा आल्यात म्हणं दारात."

आबा छप्पन कोऱ्या स्लिपा घेऊन जुन्या कागदांच्या खोलीत जाऊन बसले. छप्पनच आहेत ना, हे मोजून घेतलं. पहिल्या स्लिपवर नथूचं नाव लिहिलं. तारीख लिहिली. अक्षरी रुपये दोन लाख फक्त. स्लिप उलटली. पाचशेच्या नोटा, आणि पुढे मोकळी चौकट.

तिथं पेन थांबला तो थांबलाच.

अर्ध्या तासानं सविता मॅडम आत आल्या. आबा त्याच स्लिपवर.

"आबा?"

"मॅडम, किती लिवू?"

"मी लिहा म्हणणार नाही, बरोबर? आणि नका लिहू म्हणायची पण माझी टाप नाही. मंजुरीवर माझी सही आहे."

"तसं न्हाई. तुमी सांगा म्हनूनबी इचारत न्हाई. हातच चालंना. न मोजलेली नोट मला लिवता येत न्हाई, मॅडम." त्यांनी पेन धरलेला हात पुढे केला, जणू डॉक्टरला दाखवताहेत. "एकोणीस वर्षं जे हातातनं गेलं तेच लिवलं. आता ह्या चौकटीत काय टाकू? चारशे म्हंजे कंच्या चारशे? मला त्या दिसंनात."

सविता मॅडम बघत राहिल्या आणि मग त्यांना हसू फुटलं. आबांनाही. छप्पन कोऱ्या स्लिपांच्या ढिगाशेजारी एका माणसाची ग्रॅच्युइटी आणि एका बाईची नोकरी टांगणीला, आणि दोघं डोळे पुसेपर्यंत हसताहेत.

"मग खुलासा?" मॅडम.

"खराच लिवतो. एक पान पुरंल."

"खाली मला जागा ठेवा. मी बघितलं आणि सही केली, हे मी लिहिणार, बरोबर?"

दीड पान झालं. आबांचं एक पान कधीच एक नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनघा मॅडमसमोर सत्तर स्लिपा, दीड पान आणि झुंबरबाई. सोबत डबा. आबांनी मुद्दाम आणल्या होत्या, कारण त्यांच्या मते नुसतं लिहिलेलं कुणी का मानावं, मोजून बघावं. अनघा मॅडमनी खरंच मोजलं.

"थुकी लावू नगंस पोरी," झुंबरबाई म्हणाल्या. "पानी घे. त्या नोटांवर माजी चाळीस वर्सं हायती."

तीनशे ऐंशी. पंचेचाळीस. नऊ. दहा.

"एक रुपया हिकडचा तिकडं न्हाई, मॅडम," आबा हळूच म्हणाले.

"म्हणूनच तर पाच वर्षं कुणाला कळलं नाही, आबा. रुपया कमी झाला असता तर पहिल्याच संध्याकाळी सापडला असता." अनघा मॅडमनी डबा बंद केला. "हे बघा. गावात आरोग्य शिबिर आहे. चौदा जणांचं रक्त तपासायचंय. आणि तुम्ही एका धडधाकट माणसाचं रक्त चौदा बाटल्यांत भरून, चौदा नावं लावून पाठवलंत. रिपोर्ट एकदम छान येणार. पण त्या चौदांतला खरा आजारी कोण?"

"ठावं न्हाई," आबा म्हणाले.

"तेच मला हवं आहे. शिक्षा हा माझा विषयच नाही."

झुंबरबाईंनी डबा आपल्याकडे ओढून घेतला. "म्हंजे ती धडधाकट मी व्हय?"

"हो आजी."

"श्रीपती, मेल्या, पाच वर्सं माजं रगत काढत व्हतास आन् मला च्याबी पाजला न्हाईस!"

आता पुढचं पटपट सांगते, कारण त्यात कुणाचा आवाज काढण्यासारखा नाही, नुसते कागद. चौदाही कर्जं थकीत धरली गेली. थकीत धरलं की बँकेला आपल्या नफ्यातून काही रक्कम आधीच बाजूला काढून ठेवावी लागते, बुडालंच तर म्हणून. त्यामुळे नफा घसरला, लाभांश नाही, आणि वार्षिक सभेला सभासदांना मिळणारा स्टीलचा डबा रद्द. लाभांशाचं कुणी मनावर घेतलं नाही. डब्यावरून मात्र तालुक्यात बोंब झाली. पितळी ढाल पोत्यात घालून मुख्य कार्यालयाला परत गेली. आबांना आणि सविता मॅडमना मेमो मिळाला, आणि आबांची ग्रॅच्युइटी 'संचालक मंडळाच्या निर्णयाधीन' होऊन बसली. प्रज्ञेशकाकानं विटांवर ताडपत्री टाकली.

पण आजारी कोण हे शोधायचं तर घरोघर जायला हवं. एप्रिलच्या उन्हात सविता मॅडमच्या स्कूटीवर मागे आबा, मांडीवर चौदा फायली. पहिलं घर नथूचं.

"नथू, दोन लाख एकदम जमत नाहीत, मग कसे जमतील?" मॅडमनी विचारलं.

नथूची एसटी घाट चढू लागली. "मॅडम, मला हे आजपातूर कुनी इचारलंच न्हाई! म्हैन्याला चार हजार देतो. पावसाळ्यात म्हनाल तर तीस देतो, चाळीस देतो! मार्चात मागता, मार्चात माज्याकडं काय आसतंय, डोंगूर?"

सरूबाईंचं तेच. चौदांतल्या अकरा जणांचं तेच. ते बुडालेले नव्हतेच, त्यांचा हप्ता चुकीच्या महिन्यात होता. एकतीस मार्चच्या सोहळ्यात ते कुणाला दिसलं नव्हतं, कारण सगळ्यांचे आकडे सारखेच गोंडस. दोघं खरंच अडचणीत होते, त्यांना मुदत वाढवून दिली.

चौदावा सत्यम. कुरवंड्याच्या वाटेवर त्याचा भला मोठा फलक, चांदण्या, शेकोटी, गिटार. फलकाच्या मागे बाभळ आणि एक शेळी.

"तंबू कुटं हायत?" आबांनी विचारलं.

"धुवायला दिलेत."

"पाच वर्सं?"

सत्यम शेळीकडे बघायला लागला. आबांनी फाईल उघडली, जामीनदाराचं नाव वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. जामीनदार माऊलीशेठ, नातं सख्खा मामा. मग छप्पन स्लिपांची एवढी घाई कुणाला आणि का होती, ते आबांना उन्हात उभ्याउभ्या कळलं. मॅडमनी लगेच शेळीचा फोटो काढून फाईलला लावला. संचालकाच्या भाच्याचं कर्ज आणि जामीन स्वतः संचालक, हे नियमात बसतच नाही. दोन लाख माऊलीशेठकडून वसूल झाले आणि प्रकृतीच्या कारणास्तव त्यांनी चेअरमनपद सोडलं. प्रकृती सकाळी फाट्यावर मिसळ खाताना रोज दिसते.

कर्जाचे हप्ते बदलले. पावसाळ्यात मोठे, उन्हाळ्यात नावापुरते. नवीन कर्ज द्यायचं तर आधी जाऊन तंबू डोळ्यांनी बघायचा. तिकडे मुख्य कार्यालय कुरकुरलं, कर्जवाटप मंदावलं म्हणून. पण यंदाच्या मार्चमध्ये शाखेचा नफा ढालीच्या कुठल्याही वर्षापेक्षा जास्त निघाला. ढाल परत आली नाही, कारण तिच्यावर 'शून्य' कोरलेलं आहे आणि आमचे दोन थकीत आहेत. सविता मॅडम म्हणतात, "खोट्या शून्यापेक्षा खरे दोन बरे, बरोबर?"

आता परत गेल्या मे महिन्यात चला. आबांचा शेवटचा आठवडा. हायवेच्या पलीकडच्या एका पतसंस्थेला बुधवारी सकाळी कुलूप दिसलं. दुपारपर्यंत आमच्या बँकेसमोर रांग, पार वडापावच्या गाडीपर्यंत. सगळ्यांच्या हातात पासबुक आणि तोंडात एकच, "आपलीबी बुडनार का?"

सविता मॅडमनी खुर्च्या बाहेर मांडायला लावल्या, चहा सांगितला, आणि खिडकीत आबा. मागेल त्याला मोजून देत होते, न चुकता, न थांबता. बाजूला काढून ठेवलेले पैसे आता कामाला आले. रांगेतला एकजण ओरडला, "आबा, खरं सांगा, बँक बुडनार का?"

आबांनी नोटांवरची नजर काढली नाही. "आपन मागल्या म्हैन्यातच बुडायचं तेवडं बुडून वर आलोय. ज्याचं बुडायचं राहिलंय त्याला इचारा. पुडचा!"

रांग हसली. हसणारी माणसं पैसे काढत नाहीत फारशी. शुक्रवारी रांग बाकापर्यंत आखडली होती.

शनिवार, एकतीस मे. आबांच्या खिडकीला मोगऱ्याचा हार, ग्रॅच्युइटीचा पत्ता नाही. (ती जुलैत आली. दीड पानाचा खुलासा स्वतःहून दिला, असं तपासणीच्या अहवालात म्हटलं होतं म्हणे. तोवर विटांवर शेवाळ धरलं आणि स्लॅब दिवाळीनंतर पडला.) दुपारी एक वाजता झुंबरबाई आल्या, काखेत डबा.

"मावशी, आज मार्च न्हाई," आबा म्हणाले.

"ठावं हाय. खातं काढायचंय."

सविता मॅडम उठून आल्या. बँकेत पिन पडली तरी ऐकू आली असती, पण बाहेर मुंबईच्या गाड्यांचे हॉर्न.

"पैसं ठिवलं की मला न इचारता दुसऱ्याला देनार?" झुंबरबाईंनी विचारलं.

"देनार की," आबा म्हणाले.

"कुनाला?"

"ज्याचा तंबू डोळ्यांनी बघितलाय त्याला."

"आन् ती पान्यानं मोजनारी पोरगी?"

"ती न्हाईतर तिच्यासारखी दुसरी. येत राहनार."

"मंग धर."

आबांनी स्पंज ओला केला. एकोणीस वर्षांतली शेवटची मोजणी. पाचशेच्या तीनशे ऐंशी. दोनशेच्या पंचेचाळीस. शंभरच्या नऊ. नाणी ओतली, मोजली, थांबले. परत मोजली. काऊंटरखाली वाकून बघितलं. तिसऱ्यांदा मोजली. मग घाम पुसून म्हणाले, "मावशी, नऊच हायत. धावं कुटंय?"

"डब्यात."

"भरायचं न्हाई?"

"डबा काय रिकामा ठिवू व्हय? अवदसा येती."

आबांनी स्लिप उलटली आणि सावकाश लिहिलं. तीनशे ऐंशी, पंचेचाळीस, नऊ, नऊ. एक लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्वद. शिक्का मारला. स्लिप उजेडाला धरून वाचली, सविता मॅडमच्या हातात दिली आणि हार काढून ठेवत म्हणाले,

"मॅडम, पुडल्या तपासनीला ही वर ठिवा. अनघा मॅडमना छोटीशी शंका आली पायजे."